शहात्तर दिवस रिकामी टाकी

“ताई, औषध द्या.”

दुकानात पाय ठेवणारी दहातली नऊ माणसं हेच म्हणत येतात. माशाला काय झालंय, कधीपासून झालंय, टाकी केवढी, पाणी बोअरचं की नळाचं, काही सांगायचं नाही. औषध द्या. त्यातून ते निळ्या रंगाचं असलं तर माणूस समाधानानं जातो. पिवळं दिलं तर बाटली उलटीपालटी करून विचारतो, “याच्याहून कडक न्हाई का?” कडक हवं असेल तर सरळ फिनेल ओता, असं सांगायचं माझ्या जिभेवर येतं. पण सांगत नाही, कारण एखादा खरंच ओतायचा.

हिंगोलीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. त्याआधी मी एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बरण्यांतले मेलेले मासे पुसता पुसता जिवंत माशांचं वेड लागलं आणि नोकरी सुटल्यावर तोच धंदा झाला. गल्ल्यावर बाई दिसली की अजूनही लोक माझ्या डोक्यावरून आत बघतात आणि विचारतात, “मालक कुठं गेले?” मालक मीच आणि झाडूवालीही मीच. आमचं गाव साखरा. काचेतले मासे विकून पोट भरतं यावर गावातल्या माझ्या थोरल्या भावाचा आजही विश्वास नाही. त्याला वाटतं, मी काहीतरी लपवते.

दिवाळी अंकवाल्यांनी “गमतीजमती लिहा” म्हणून सांगितलंय. गमती आहेत, पण त्या घडत असताना मला एकदाही हसू आलेलं नाही.

गोड्या पाण्यातले मासे कसेही जगतात. खरी डोकेदुखी खाऱ्या पाण्याच्या टाकीची. समुद्र आपल्यापासून दोन दिशांना आणि दोन्हीकडं शेकडो मैलांवर. ते पाणी इथं घरात तयार करावं लागतं. फिल्टरच्या शुद्ध पाण्यात समुद्री क्षारांची खास पूड विरघळवायची, यंत्रानं खारेपणा मोजायचा, मग एक रात्र ढवळत ठेवायचं. हे सगळं मी कनेरगाव नाक्याच्या एका ढाबेवाल्याला दोनदा समजावलं होतं. त्यानं गिऱ्हाईक ओढायला गल्ल्याशेजारी मोठी टाकी मांडून घेतली होती. पूड संपली तेव्हा मला फोन करायचा त्यानं कंटाळा केला आणि स्वैपाकघरातलं मीठ अंदाजानं टाकलं, भाजीत टाकतात तसं. मी पोचले तेव्हा सगळे मासे आडवे. तो म्हणाला, “ताई, मी चव घेऊन पाह्यली ना. बराबर खारं होतं.” त्या टाकीत आता तो पाण्याच्या बाटल्या ठेवतो.

राहिल्या जिल्ह्यात माझ्या देखरेखीतल्या खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या. एक वसमतला शोभा सिस्टरकडं. त्या दवाखान्यात नर्स आहेत. आणि दुसरी इथं हिंगोलीत इंदूकाकूंच्या घरी. इंदूकाकू सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा मंगेश जहाजावर नोकरीला. सात-आठ महिने पाण्यावर आणि मग दोन-तीन महिने घरी. घरी आल्यावरही त्याला समुद्र लागतो, म्हणून त्यानं बैठकीत चार फुटांची टाकी करून घेतली. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊन माशांची जोडी, आणि एक निळा टँग मासा. हा टँग त्यानं रुपयाएवढा असताना आणला होता आणि पोळीएवढा केला होता. तो जहाजावर गेला की मासे सांभाळायचे त्याच्या बायकोनं, वैशालीनं.

या वर्षी जाण्याच्या आठवडाभर आधी मंगेशनं एक पिवळा मासा आणला आणि सरळ टाकीत सोडला. नवा मासा आधी निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा, हे मी त्याला लिहून दिलं होतं. शिकलेलं पोरगं, जग फिरलेलं. पण निघायच्या आधी सगळे मासे एकत्र बघायचे होते म्हणे. तो मुंबईला पोचला नसेल तोवर पिवळ्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले, मीठ भुरभुरल्यासारखे. दोन दिवसांत पिवळा मेला आणि ठिपके निळ्यावर आले.

“ताई, औषध द्या,” इंदूकाकू म्हणाल्या. त्याही म्हणाल्या.

हे ठिपके म्हणजे किडा असतो. तो माशाच्या कातडीखाली शिरून खातो, तिथं त्याला औषध लागत नाही. पोट भरलं की गळून पडतो आणि दगडाला, काचेला, वाळूला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. तिथंही औषध लागत नाही. मग कवच फुटून शेकडो पिल्लं पोहत निघतात. त्यांना दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती उपाशी मरतात. औषध लागू पडतं ते एवढ्याच वेळात. पण सगळ्यात खात्रीचं म्हणजे तांब्याचं औषध, आणि ते टाकीत घातलं की गोगलगायी, झिंगे, पोवळी सगळं मरतं. म्हणून मासे बाहेर काढून वेगळे बरे करायचे आणि मोठी टाकी माशांविना ठेवायची. किडा उपाशी मरेपर्यंत. काही कवचं फार उशिरा फुटतात, म्हणून आम्ही शहात्तर दिवस धरतो. पंच्याहत्तर नाही.

“शहात्तर दिवस बैठकीत रिकामी टाकी?” काकू म्हणाल्या. “लोक काय म्हणतील? तांब्याचं औषध म्हणता, तर मी देवाचा तांब्याचा गडवाच ठेवते ना टाकीत.”

मी कपाळावर हात मारला. काकूंना वाटलं, मला ऊन लागलं. त्यांनी सरबत आणून दिलं.

वैशाली मात्र एका कोऱ्या वहीत लिहून घेत होती. मागच्या पडवीत आम्ही दोन मोठे टब मांडले. मासे एका टबात तीन दिवस ठेवायचे. किडा गळून पडला तरी त्याची पिल्लं निघायच्या आत मासे दुसऱ्या, वाळवून नवं पाणी भरलेल्या टबात. पहिला टब धुऊन गच्चीवर कडक उन्हात पालथा. असं चार वेळा केलं की मासे स्वच्छ. औषधाचा थेंब लागत नाही, लागतो तो धीर आणि ऊन. ऊन आपल्याकडं फुकट आहे. धीर कुणाकडंच नाही.

वैशालीकडं होता. तिनं टाकीच्या जाळीला लाल दोरा बांधला, टबाच्या जाळीला हिरवा. पाण्याचे मग वेगळे, टॉवेल वेगळे. एप्रिलच्या उन्हात पाणी तापू नये म्हणून बर्फाच्या बाटल्या टबात तरंगत ठेवायची आणि दर दोन तासांनी बदलायची. कॅलेंडरवर रोज एक फुली. एकदा सांगितलेलं तिला पुन्हा सांगावं लागलं नाही. असं गिऱ्हाईक मला इतक्या वर्षांत दुसरं मिळालेलं नाही, आणि हे मी तिला एकदाही बोलून दाखवलं नाही. मी फक्त चुकलेल्याला बोलते, ही माझी खोडच आहे.

काकूंचं रोज वेगळं. रिकाम्या टाकीवर त्यांनी आधी जुनी साडी घातली. मग पाहुणे विचारायला लागले, साडीखाली काय आहे. मग साडी काढली. “ताई, पाणी तर काचेसारखं दिसून राहिलं. सोडा ना आता मासे.” मी म्हणायची, काकू, तो किडा डोळ्यांना दिसत नाही. “दिसत न्हाई तर हाय कशावरून?” जहाजावरून मंगेशचा फोन आला की त्याचा पहिला प्रश्न, “निळा कसाय?” आणि वैशालीनं उत्तर द्यायच्या आत काकू फोन ओढून घ्यायच्या. “मी तुला सांगितलं होतं, हिच्यावर टाकून जाऊ नको. तू गेला अन् चार दिवसांत आजारी पडले बघ.” नवा मासा मंगेशनंच सोडला होता हे त्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. एकदा मी उच्चारलं तर काकू म्हणाल्या, “त्याला एवढं कुठं कळतंय?” वैशालीनं हे ऐकलं आणि बर्फाची बाटली बदलायला गेली. त्या पोरीसाठी हे मासे म्हणजे परीक्षा होती. मंगेश परत येईल तेव्हा तिन्ही मासे टाकीत असले तर ती पास, नसले तर काकू जन्मभर ऐकवणार. हे तिनं मला सांगितलं नाही, पण त्या घरात कुणालाही दिसलं असतं.

बावन्नाव्या दिवशी मी वसमतला शोभा सिस्टरकडं गेले होते. मागच्या खेपेला टाकी साफ करायला मी त्यांना माझ्या डब्यातून गोगलगायी नेऊन दिल्या होत्या आणि डबा तिथंच राहिला होता. जयभीम झाला, चहा झाला, निघताना त्यांनी डबा हातात दिला तर तो जड. आत त्यांच्या टाकीतलं हिरवंगार समुद्री शेवाळ, पाण्यासकट.

“रिकामा डबा कसा देऊ, सुमनताई? आमच्या आईनं कधी कुणाचं भांडं रिकामं धाडलं न्हाई. आणि दुसरं काय देऊ, तुमाला हेच आवडतं.”

आपल्याकडं हे असंच आहे. शेजारणीचं भांडं परत करताना त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालायची. मला बरं वाटलं. डबा मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले. दुपारची वेळ, दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी नाही, डब्यात शेवाळ शिजलं असतं. दिलेली वस्तू टाकून द्यायची सवय नाही. म्हणून उतरल्यावर आधी इंदूकाकूंच्या घरी गेले. त्या रोज ओसाड-ओसाड करत होत्या, म्हटलं निदान हिरवं तरी दिसेल.

मी बाही वर करून शेवाळ टाकीत दगडाला अडकवत होते तेव्हा वैशाली मागं उभी होती.

“ताई, हे चालतं का?” तिनं विचारलं. “दुसऱ्याच्या टाकीतलं हाय ना?”

“शेवाळ आहे, मासा नाही,” मी म्हणाले. “मला शिकवू नको.”

कॅलेंडरवरच्या फुल्या पुढं सरकत राहिल्या. शहात्तरावी फुली मारली त्या दिवशी काकूंनी टाकीला हळदकुंकू लावलं, आणि मासे टाकीत सोडले. निळा दोन मिनिटं दगडामागं दडला आणि मग असा काही पोहत सुटला की काकूंनाही हसू आलं. शेवाळ कुरतडायला त्याला फार आवडलं. वैशालीनं मंगेशला व्हिडिओ पाठवला. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते, हेही कबूल करते.

दहाव्या दिवशी फोन आला. मी गेले. निळ्याच्या अंगावर मीठ भुरभुरलेलं.

माझा आवाज मुळात मोठा. त्यात अडीच महिन्यांची मेहनत पाण्यात गेलेली. मी ओरडले, “या टाकीत कुणीतरी काहीतरी टाकलंय. ओलं काहीतरी. हा किडा हवेतून येत नाही, काकू. ओल्या वस्तूवरून येतो.”

“मी तर हात बी लावला न्हाई,” काकू म्हणाल्या आणि वैशालीकडं वळल्या. “घरात दुसरं कोण हाय?”

“मी काही न्हाई टाकलं,” वैशाली म्हणाली.

“मंग आपोआप आलं व्हय?”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, “प्रत्येक घरात हेच सांगतात. कुणीच काही टाकलेलं नसतं.”

वैशालीनं टाकीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग पडवीत टब मांडायला गेली. काकू तिच्या पाठीवर बोलत राहिल्या आणि मी माझं सामान आवरत राहिले.

यावेळी किडा निळ्याच्या कल्ल्यांत शिरला होता. चौथ्या दिवशी तो टबाच्या तळाशी आडवा सापडला. क्लाऊनची जोडी तगली. काकूंनी मंगेशला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर मंगेश तीन दिवस वैशालीशी बोलला नाही, हे मला दुकानाशेजारच्या शिंपिणीकडून कळलं. हिंगोली काही फार मोठं गाव नाही.

पुढच्या आठवड्यात वसमतला गेले तर शोभा सिस्टर दारातच, “बरं झालं आलात. मासे दगडाला अंग घासून राहिले.” टाकीत हात घालून मी जाळीनं एक मासा काढला. ठिपके. त्यांच्याकडं लाइट जाऊन दोन दिवस टाकी तापली होती. आधी अंगावर थोडा असलेला किडा त्या त्रासात उफाळून आला होता. किती दिवस आधीपासून असेल? महिने असू शकतात. धडधाकट माशाच्या अंगावर तो एखाददुसरा ठिपका होऊन राहतो, कुणाला कळत नाही.

“आन् ते आमचं शेवाळ?” सिस्टरांनी विचारलं. “वाढलं का न्हाई?”

मी खाली बसले. सिस्टरांना वाटलं, बीपी. त्यांनी माझी नाडी धरली. एक नर्स आणि एक मासेवाली, दोघींचा अख्खा जन्म संसर्ग या शब्दात गेला. आणि आम्ही दोघींनी मिळून तो किडा डब्यात भरून, झाकण लावून, एसटीचं तिकीट काढून हिंगोलीला पोचवला होता. गिऱ्हाइकानं नवी गोगलगाय आणली असती तर मी त्याला दारातच अडवलं असतं. पण ती भेट होती. भेटीवर किडा असतो असं माझ्या मनातच आलं नाही.

परतीच्या बसमध्ये औंढा येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. खरं सांगायचं तर न सांगण्याचीही वाक्यं जुळवली. निळा तर गेलाच आहे. आता सांगून तो काही परत येत नाही. धंदा लोकांच्या तोंडावर चालतो, एकदा नाव गेलं की गेलं. औंढ्याच्या पुढं मी ती वाक्यं टाकून दिली, पण पूर्ण टाकली नव्हती.

इंदूकाकू बैठकीत पेपर वाचत होत्या. वैशाली टाकीची काच बाहेरून पुसत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वसमतचं शेवाळ, त्यावरून आलेला किडा, मी लावलेलं. “चूक माझी आहे काकू. वैशालीची नाही.”

काकूंनी चष्मा काढला. “ताई, तुमी मोठ्या मनाच्या हाव. पण सुनेला पाठीशी घालून काय होणार?”

“अहो, पाठीशी नाही घालत. खरंच मीच...”

“असू द्या. चहा घेता का?”

इतक्या वर्षांत मी खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकांवर चिडले, पण खरं बोलून कुणी विश्वास ठेवत नाही हा अनुभव पहिलाच. मी वैशालीकडं पाहिलं. तिच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

“ताई,” ती म्हणाली, “मी त्या दिवशी तुमाला काय विचारलं होतं, ते सांगा आईला.”

हे एवढंच मी गाळलं होतं. चूक कबूल करणं जमत होतं. चूक कुणालाही होते. पण एका पोरीनं ती आधी दाखवून दिली होती आणि मी तिला गप्प केलं होतं, हे सांगायला जीभ वळत नव्हती. लाज वाटली, आणि तिचा रागही आला. मग सांगितलं.

“काकू, मी शेवाळ लावत होते तेव्हा हिनं मला विचारलं, हे चालतं का, दुसऱ्याच्या टाकीतलं आहे ना. मी म्हणाले, मला शिकवू नको.”

काकूंनी चष्म्याची दांडी दोनदा उघडली-मिटली. मग वैशालीला म्हणाल्या, “मंग त्या दिवशी बोलली काहून न्हाईस?”

“ताईपुढं माझं कुणी ऐकलं असतं, आई?”

काकूंनी फोन उचलला, तोंडाजवळ धरला आणि मंगेशसाठी निरोप बोलून ठेवला. कचेरीत मसुदा सांगावा तशा आवाजात. “मंगेश, निळ्याचं हिच्यामुळं न्हाई झालं. मासेवाल्या सुमनताईच्या हातनं झालं. हिनं बराबर विचारलं होतं, ताईनं ऐकलं न्हाई. हिला फोन कर.” माझ्यासमोर, माझ्या नावासकट.

आता काहीतरी कामाचं करावं म्हणून मी टाकीपाशी गेले. क्लाऊनची जोडी पडवीत टबात होती, मोठ्या टाकीची शहात्तर दिवसांची मोजणी पुन्हा सुरू झाली होती, त्यातला नववा दिवस. शेवाळ माजलं होतं, कुजकी पानं वर तरंगत होती. “थांब, एवढी पानं काढून देते,” म्हणत मी पिशवीतून माझी जाळी काढली आणि बाही वर केली.

वैशालीनं माझं मनगट धरलं.

“ताई, आत्ता वसमतहूनच आलात ना?”

मी जाळीकडं पाहिलं. सिस्टरच्या टाकीत बुडवलेली, पिशवीत गुंडाळून आणलेली. अजून ओली होती.

“तिकडं बसा,” ती म्हणाली, आणि लाल दोऱ्याची जाळी आणायला गेली.